उन्हाळी लागते कशाने?
लघवीच्या जळजळीमागील कारणांचा विचार

कोल्हापूर जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत लघवीला जळजळ होत असल्याची तक्रार बहुधा ‘उन्हाळी लागली’ अशा शब्दांत सांगितली जाते. या शब्दातच कारणाचा एक अंदाज दडलेला आहे. अंगात कडकी शिरली, म्हणून लघवी पोळते, असा तो अंदाज होय. घरगुती उपचारही त्याला धरूनच असतात : धने-जिऱ्याचे पाणी, वाळ्याचे सरबत, भिजवलेला सब्जा, गोखरूचा काढा, ताक. आदल्या दिवशी तांबडा रस्सा ओरपला असेल तर सारा दोष त्याच्या माथी मारून माणूस मोकळा होतो.

हा अंदाज सर्वस्वी चुकीचा नाही. चैत्र-वैशाखात घामावाटे पुष्कळ पाणी निघून जाते, पिणे कमी पडते, लघवी थोडी, गडद व दाट होते आणि ती उतरताना चुरचुरते. अशा वेळी तांब्या-दोन तांबे पाणी पोटात गेले की संध्याकाळपर्यंत आराम पडतो. अडचण निर्माण होते ती दोन-तीन दिवसांनीही जळजळ न थांबल्यास. कारण जंतुसंसर्ग, मुतखडा, मधुमेह, क्षयरोग, गुप्तरोग अशा परस्परांशी फारसे नाते नसलेल्या अनेक विकारांची पहिली खूण हीच असते. या सर्वांना एकाच ‘उन्हाळी’च्या नावाखाली घातले की सर्वांवर एकच सरबत दिले जाते आणि मूळ कारण आत वाढत राहते.

जळजळ काय सांगते?

दोन मूत्रपिंडे रक्त गाळून निरोगी प्रौढाच्या शरीरात दिवसाकाठी साधारणपणे दीड ते दोन लिटर मूत्र तयार करतात. ते दोन मूत्रवाहिन्यांतून मूत्राशयात उतरते, तेथे साठते आणि मूत्रमार्गाने बाहेर पडते. या सर्व मार्गाला आतून एक नाजूक अस्तर असते. ते अस्तर शाबूत असेपर्यंत मूत्रातील क्षार व आम्ल यांचा त्रास जाणवत नाही. ते सुजले, खरचटले किंवा पातळ झाले की मज्जातंतूंची टोके उघडी पडतात व प्रत्येक थेंब झोंबतो.

म्हणजे जळजळीवरून अस्तराला इजा झाली एवढेच समजते. ती कोणी केली हे समजत नाही. रात्री कुत्रे भुंकले म्हणजे अंगणात कोणी तरी आले इतके कळते. आलेला कोण हे पाहायला दिवा घेऊन बाहेर यावे लागते. प्राचीन वैद्यांनाही हा भेद माहीत होता. चरकसंहितेत मूत्रकृच्छ्राचे आठ प्रकार सांगितलेले असून अश्मरीमुळे, म्हणजे मुतखड्यामुळे, होणारा प्रकार त्यांत वेगळा नोंदलेला आहे. घरोघरीच्या ‘उन्हाळी’त मात्र हा विवेक पुसला गेला.

जंतू आणि अडवून धरलेली लघवी

सर्वांत अधिक आढळणारे कारण जंतुसंसर्ग हे होय. साध्या मूत्रसंसर्गांपैकी सुमारे तीन चतुर्थांश किंवा त्याहून अधिक संसर्ग ई. कोलाय या एकाच जंतूमुळे होतात. हा जंतू परका नव्हे. प्रत्येकाच्या आतड्यात तो वस्तीला असतो व तेथे तो निरुपद्रवी असतो. गुदद्वाराजवळून मूत्रमार्गात शिरला की मात्र तो रोग निर्माण करतो. स्त्रियांचा मूत्रमार्ग सुमारे चार सेंटिमीटर लांबीचा असतो, पुरुषांचा अठरा ते वीस. जंतूला चालावी लागणारी वाट स्त्रियांच्या बाबतीत इतकी आखूड असल्यामुळे जवळजवळ निम्म्या स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा संसर्ग होतो. यात त्यांच्या वागणुकीचा किंवा चारित्र्याचा काही संबंध नाही, हे सासरच्या मंडळींना सांगण्याची वेळ अजूनही आरोग्यसेविकांवर येते.

शिरलेला जंतू हुसकून लावण्याची सोय निसर्गाने केलेली आहे. भरलेले मूत्राशय रिकामे होते तेव्हा मूत्राच्या लोंढ्याबरोबर जंतूही वाहून जातात. ओढ्याचे पाणी वाहते असले की घाण टिकत नाही, साचले की शेवाळ धरते, तसाच हा प्रकार होय. अनुकूल परिस्थितीत ई. कोलायचा एक जंतू सुमारे वीस मिनिटांत दुभंगून त्याचे दोन होतात. या वेगाने केवळ कागदावर हिशेब मांडला तर आठ तासांत एका जंतूचे दीड कोटीहून अधिक जंतू होतील. प्रत्यक्ष मूत्राशयात वाढ इतकी सुरळीत होत नाही. तथापि सकाळी घरातून निघालेली स्त्री दुपारी तीनपर्यंत लघवीला गेली नाही तर जंतूंना किती सवड मिळते, याची कल्पना या हिशेबावरून यावी.

पाण्याचे महत्त्व प्रयोगानेही सिद्ध झालेले आहे. वारंवार संसर्ग होणाऱ्या आणि रोज दीड लिटरहून कमी पेय घेणाऱ्या १४० स्त्रियांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. निम्म्या स्त्रियांनी नेहमीच्या पिण्यापेक्षा रोज दीड लिटर पाणी जादा घेतले. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला. उरलेल्या स्त्रियांना ३.२ वेळा. औषधाचा कणही न देता त्रास जवळजवळ निम्म्यावर आला.

हा प्रयोग ज्यांच्या हाताशी पाणी होते आणि ते प्याल्यावर जाण्यासाठी जागा होती अशा स्त्रियांवर झाला होता, हे येथे ध्यानी घेतले पाहिजे.

उसाच्या फडात

कोल्हापूर जिल्ह्यात वीसहून अधिक साखर कारखाने आहेत. दिवाळीच्या सुमारास गळीत हंगाम सुरू झाला की बीडसारख्या दुष्काळी जिल्ह्यांतून तोडणी मजुरांच्या टोळ्या शिरोळ, कागल, करवीर, हातकणंगले, पन्हाळा या तालुक्यांत येऊन उतरतात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. उचल आधीच घेतलेली असते व ती अंगमेहनतीने फेडायची असते. एक दिवस कामाला गेले नाही तर ‘खाडा’ पडतो व त्याचे पैसे कापले जातात.

अशा कुटुंबातील स्त्री पहाटे अंधारात भाकरी थापून फडावर जाते. ऊस तोडणे, पाला साळणे, मोळी बांधणे, ती डोक्यावरून वाहून ट्रॅक्टरमध्ये भरणे, हे काम कधी कधी रात्रीपर्यंत चालते. फडावर पिण्याचे पाणी म्हणजे सोबत आणलेली कळशी. ती संपली की जवळपासच्या विहिरीचे किंवा पाटाचे पाणी. शौचालयाचा प्रश्नच उद्भवत नाही. उभा ऊस हाच आडोसा, आणि तोड पुढे सरकेल तसा तोही संपत जातो. टोळीत परके पुरुष असतात. म्हणून पाणी बेताने प्यायचे व लघवी अंधार पडेपर्यंत रोखायची, असा नेम या स्त्रिया स्वतःच घालून घेतात. पाळीच्या दिवसांत तेच कापड दिवसभर अंगाशी राहते. घाम, उसाची कूस आणि धूळ यांनी त्वचा सोललेली असते. मूत्रसंसर्गास पोषक ठरणारी जवळजवळ प्रत्येक गोष्ट एका फडावर एकत्र आलेली असते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

जळजळ सुरू झाली तरी खाड्याच्या भीतीने दवाखाना लांबतो. वाटेतल्या दुकानातून चार गोळ्या आणल्या जातात. दोन दिवसांत बरे वाटले की उरलेल्या गाठोड्यात पडतात. हंगामात जळजळ पुन्हा उठते. तिच्या जोडीला ओटीपोटात दुखणे व अंगावरून पांढरे जाणे हेही असते. ही तिन्ही लक्षणे एकत्र आली म्हणजे ती एकाच अवयवाची असतात असे नव्हे. जळजळ मूत्राशयाची असू शकते, पांढरे जाणे योनिमार्गाच्या संसर्गाचे आणि दुखणे दिवसभर ओझी वाहिल्याचे. प्रत्येकाचा तपास वेगळा आणि उपचार बहुधा साधा. परंतु हा तपास न करता ‘पिशवी खराब झाली’ असे सांगितले गेले की स्त्री गर्भाशय काढून टाकण्यास तयार होते. निदान पाळीच्या चार दिवसांचा खाडा तरी वाचेल, असाही एक हिशेब त्यामागे असतो.

बीड जिल्ह्यातील अशा शस्त्रक्रियांची चर्चा झाल्यानंतर राज्य शासनाने २०१९ साली विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. या सर्वच शस्त्रक्रिया अनावश्यक होत्या असा अर्थ या आकड्यातून काढता येणार नाही. मात्र त्याची एक बाजू क्वचितच बोलली जाते. गर्भाशयासोबत बीजकोशही काढले गेल्यास ऐन तिशीत रजोनिवृत्ती येते. स्त्रीसंप्रेरक घटल्याने मूत्रमार्गाचे अस्तर पातळ व कोरडे पडते आणि तेथील संरक्षक जंतू नाहीसे होतात. परिणामी लघवीची जळजळ पूर्वीपेक्षा अधिक वेळा होऊ लागते. ज्या तक्रारीसाठी पिशवी काढली तीच तक्रार शस्त्रक्रियेनंतर कायमची मागे लागते.

स्थानिक स्त्रियांची स्थितीही फार निराळी नाही. भांगलणीला जाणाऱ्या रोजगारी बायका, बाजाराच्या दिवशी रस्त्याकडेला भाजी विकणाऱ्या स्त्रिया, नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाच्या रांगेत किंवा चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर तासन्‌तास असणाऱ्या भाविक स्त्रिया, या सर्वजणी कमी-अधिक प्रमाणात तोच नेम पाळतात.

भट्टी, माग आणि मुतखडा

पुरुषांत हा त्रास कमी आढळतो, म्हणूनच तो आढळला की अधिक काळजीपूर्वक पाहावा लागतो. तरुण पुरुषाला मूत्रसंसर्ग सहसा होत नाही. झाला तर मूत्राच्या वाटेत काही अडथळा आहे काय, हे शोधावे लागते. असा एक अडथळा म्हणजे मुतखडा.

शिरोली, गोकुळ शिरगाव व उद्यमनगर येथील ओतकामाच्या कारखान्यांत वितळलेल्या लोखंडाजवळ उभे राहणारा कामगार पाळीभर घामाने निथळत असतो. इचलकरंजीच्या यंत्रमागावर बारा तास काढणाऱ्याची गोष्टही तीच. शरीरातील पाणी घामावाटे गेले की मूत्र दाट होते, त्यातील कॅल्शियम ऑक्झलेटसारखे क्षार विरघळून राहू शकत नाहीत आणि त्यांचे स्फटिक बनतात. काकवी आटत गेली की कडेला साखरेचे कण धरू लागतात, तसेच हे घडते. खडा मूत्रपिंडात स्वस्थ असेपर्यंत त्याचा पत्ता लागत नाही. तो मूत्रवाहिनीत उतरला की कमरेपासून जांघेपर्यंत कळा मारतात; मूत्राशयाच्या तोंडाशी आला की वारंवार लघवीची भावना होऊन जळजळ सुरू होते. एकदा खडा पडलेल्या रुग्णांचा पाच वर्षे पाठपुरावा करणाऱ्या, १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भरपूर पाणी पिणाऱ्यांपैकी सुमारे १२ टक्के रुग्णांत खडा पुन्हा झाला, इतरांत २७ टक्के. दिवसाकाठी दोन लिटरहून अधिक लघवी होईल इतके पाणी प्यावे, असा सल्ला त्यावरून दिला जातो. भट्टीजवळच्या माणसाला त्यासाठी किती पाणी लागेल हे घामावर अवलंबून आहे. लघवीचा रंग फिका राहतो की नाही, हे ओळखण्याचे सोपे माप होय.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाने कामगारांसाठी पिण्याचे पाणी व मुताऱ्या यांची तरतूद सक्तीची केली होती. अडीचशेहून अधिक कामगार असतील तेथे उन्हाळ्यात गार पाणी देण्याचे बंधनही त्यात होते. साखर कारखान्याच्या आवारात या सोयी असतात. त्याच कारखान्यासाठी ऊस तोडला जातो तो फड मात्र ‘कारखाना’ ठरत नाही, हा विरोधाभास ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

जंतू सापडत नाहीत तेव्हा

काही रुग्णांच्या लघवीत नेहमीचे जंतू सापडत नाहीत, तरीही जळजळ असते. पन्नाशी-साठीनंतरच्या पुरुषांत पौरुषग्रंथी वाढून मूत्रमार्गाला चेपते, मूत्राशय पुरते रिकामे होत नाही आणि उरलेल्या मूत्रात पुढे संसर्गही होतो. मधुमेही व्यक्तीच्या लघवीत साखर उतरली की बाह्य भागावर बुरशी वाढते व लघवी लागताच आग होते. कित्येकदा मधुमेहाचा पहिला पत्ता यातूनच लागतो. सुवासिक साबण वा जंतुनाशक द्रावण यांनी वारंवार धुण्याची सवयही अस्तराला इजा करते. स्वच्छतेच्या अतिरेकातून आलेला हा त्रास शहरात अधिक दिसतो.

गुप्तरोगांबद्दल संकोच सोडून बोलणे आवश्यक आहे. परमा आणि त्यासारखे दुसरे संसर्ग यांत जळजळीबरोबर पू किंवा स्राव येतो. स्त्रियांत तर पुष्कळदा काहीच लक्षण दिसत नाही. अशा वेळी पती-पत्नी दोघांनाही एकाच वेळी औषध द्यावे लागते. एकट्याने घेतलेले औषध वाया जाते. शासकीय रुग्णालयांतील ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये ही तपासणी व औषधे मोफत मिळतात आणि नाव गुप्त राखले जाते.

दोन कारणे विरळ असली तरी ती निसटू नयेत. लघवीत पू-पेशी भरपूर, पण कल्चरमध्ये जंतू वाढत नाहीत, औषधांचा उपयोग होत नाही आणि हे महिनोन्‌महिने चालते, अशा रुग्णात मूत्रसंस्थेच्या क्षयाची शंका घेतली पाहिजे. क्षयाचा जंतू साध्या कल्चरमध्ये वाढत नाही. त्यासाठी निराळी तपासणी करावी लागते. दुसरे कारण मूत्राशयाचा कर्करोग. धूम्रपान हे त्याचे एक प्रमुख कारण होय. बिडी ओढणाऱ्या उतारवयाच्या माणसाच्या लघवीतून एकदाही रक्त गेले, ते न दुखता गेले व आपोआप थांबले, तरी ‘उष्णता बाहेर पडली’ म्हणून सोडून देऊ नये.

गिमवीचे उदाहरण

रोगाचे मूळ रुग्णाच्या शरीराबाहेर कसे असू शकते, याचे एक विलक्षण उदाहरण सह्याद्रीपलीकडे, रत्नागिरी जिल्ह्यात घडले. लघवीतून रक्त जाणे व जळजळ होणे ही लक्षणे असलेला शिस्टोसोमा नावाच्या कृमीचा रोग आफ्रिकेत, विशेषतः इजिप्तमध्ये, फार पूर्वीपासून माहीत होता. १८५१ साली कैरो येथे थिओडोर बिल्हार्झ या वैद्याने हा कृमी शोधून काढला. भारतात मात्र तो मूळ धरून असल्याचे मानले जात नव्हते. १९५२ साली डॉ. गाडगीळ व डॉ. शहा यांनी गिमवी या गावी त्याचे स्थानिक केंद्र असल्याचे दाखवून दिले.

या कृमीचा जीवनक्रम रुग्णाच्या लघवीपासून सुरू होतो. लघवीवाटे अंडी पाण्यात पडतात. त्यातून निघालेली अळी पाण्यातील विशिष्ट गोगलगाईच्या शरीरात वाढते, नंतर बाहेर पडून पाण्यात उतरलेल्या माणसाच्या त्वचेतून आत शिरते. प्रौढ कृमी मूत्राशयाभोवतीच्या रक्तवाहिन्यांत राहतात व त्यांची अंडी मूत्राशयाच्या भिंतीला घायाळ करतात. गिमवीत ही भूमिका एका इवल्याशा, टोपीसारख्या शिंपल्याच्या गोगलगाईकडे होती. केवळ रुग्णांना औषध देऊन भागले नसते. तो पुन्हा त्याच पाण्यात उतरला असता. उपचार आणि गोगलगायींचा बंदोबस्त अशा दोन्ही बाजूंनी प्रयत्न झाले तेव्हा लागण ओसरत गेली. कोल्हापूरच्या जळजळीत हा कृमी नाही. तथापि फडावरची स्त्री गोळ्या खाऊन पुन्हा त्याच फडावर जाते तेव्हा तिची अवस्था गिमवीच्या त्या रुग्णापेक्षा निराळी नसते.

आधी नमुना, मग औषध

लघवीची साधी तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रातही होऊ शकते. पट्टी बुडवून साखर, प्रथिने व संसर्गाची खूण पाहता येते; सूक्ष्मदर्शकाखाली पू-पेशी, रक्तपेशी व स्फटिक दिसतात. त्रास वारंवार होत असेल, रुग्ण पुरुष, बालक किंवा गर्भवती असेल तर कल्चर करावे. त्यात जंतू कोणता आणि त्याला कोणते औषध मारते, हे साधारणपणे दोन दिवसांत समजते. नमुना देण्याची रीत साधी, परंतु ती कोणी समजावून सांगत नाही. जागा पाण्याने धुवावी, पहिली धार सोडून द्यावी, मधली धार निर्जंतुक बाटलीत धरावी आणि बाटली लगेच पोचती करावी. तास-दोन तास उन्हात राहिलेल्या बाटलीत बाहेरचे जंतू वाढतात व अहवाल फसवा ठरतो. प्रतिजैविकाची एक गोळी जरी आधी घेतली तरी जंतू दबून जातात; म्हणून नमुना प्रथम, औषध मागाहून.

दुकानातून परस्पर गोळ्या घेण्याच्या प्रथेने मोठेच संकट ओढवले आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या अहवालांतून ई. कोलाय जंतू नेहमीच्या अनेक प्रतिजैविकांना दाद देईनासा झाल्याचे सातत्याने दिसून आले. २०१४ पासून काही प्रतिजैविके ‘एच-१’ या अनुसूचीत घालून त्यांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद ठेवणे औषध विक्रेत्यांना बंधनकारक करण्यात आले. नायट्रोफ्युरँटोइनसारखे जुने, स्वस्त औषध मूत्राशयाच्या साध्या संसर्गावर आजही पुष्कळ अंशी लागू पडते. परंतु संसर्ग मूत्रपिंडात पोचला असल्यास ते निरुपयोगी ठरते. निवड डॉक्टरांकडे का सोपवावी याचे हे एक उत्तर होय. लघवीचा आंबटपणा घटवणाऱ्या गोड सायरपाने आग शमते, जंतू मात्र मरत नाहीत.

शाळा आणि ग्रामपंचायत

पाचवी ते दहावीच्या मुली घरून बाटली भरून आणतात आणि संध्याकाळी ती निम्मी परत नेतात, हे बहुतेक शिक्षिकांनी पाहिलेले असेल. कारण विचारल्यास उत्तर मिळत नाही. शौचालयाला कडी नसणे, पाणी नसणे, किंवा ते मुलांच्या मैदानासमोर असणे, ही कारणे मुली सहसा बोलून दाखवत नाहीत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलामुलींसाठी स्वतंत्र शौचालये हा शाळेचा निकष ठरवला. शौचालय आहे अशी नोंद आणि मुली तेथे खरोखर जातात ही वस्तुस्थिती यांत जे अंतर उरते ते तपासणीच्या तक्त्यात दिसत नाही. केरळमधील शाळांनी २०१९ साली दिवसातून ठराविक वेळा पाण्याची घंटा वाजवण्याची पद्धत सुरू केली. घंटा वाजली की सर्वांनी पाणी प्यायचे. ही पद्धत कोणत्याही शाळेला विनाखर्च उचलता येईल. मात्र पाण्याच्या घंटेबरोबर शौचालयाची सुटीही द्यावी लागेल. तास चालू असताना परवानगी मागणाऱ्या मुलीला वर्गासमोर कारण विचारणे तर बंद झालेच पाहिजे.

ग्रामपंचायतींकडे निधीचा मार्ग नव्हता असे म्हणता येणार नाही. २०२१ ते २०२६ या काळातील पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानापैकी ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छता यांसाठीच राखून ठेवलेली होती. आठवडे बाजाराच्या जागेवर पाणी व कडी असलेली स्त्रियांची मुतारी, तोडणी टोळ्यांच्या कोप्यांजवळ नळाचे एक स्टँडपोस्ट, फडावर हलवता येईल असा पडद्याचा आडोसा, या फार खर्चाच्या बाबी नाहीत. टोळी गावाच्या शिवारात चार-पाच महिने असते. पण तिची नावे गावच्या कोणत्याच यादीत नसल्यामुळे आशा कार्यकर्तीची फेरी तिच्या कोप्यांपर्यंत पोचतेच असे नाही. हंगामाच्या आरंभी कारखान्याच्या शेती विभागाकडून टोळ्यांची यादी घेऊन ती आरोग्य उपकेंद्राकडे देणे हे ग्रामसेवकाचे एका दिवसाचे काम आहे.

त्यात गर्भवतींचा शोध आधी घ्यावा. गर्भवतीच्या लघवीत काहीही जळजळ नसताना जंतू असू शकतात. दुर्लक्ष झाल्यास ते मूत्रपिंडापर्यंत चढतात आणि अपुऱ्या दिवसांची प्रसूती होण्याचा धोका वाढतो. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेस होणाऱ्या तपासणीत लघवीची परीक्षाही केली जाते. टोळीतील गर्भवतीला त्या दिवशी खाडा न धरता पाठवण्याचे मुकादमाने मान्य केले, तर ही परीक्षा तिच्या वाट्याला येईल.

जळजळीबरोबर थंडी वाजून ताप येणे, कुशीत दुखणे व उलट्या होणे ही संसर्ग मूत्रपिंडात पोचल्याची लक्षणे होत. लघवी पूर्णपणे अडणे, लघवीतून रक्त जाणे, लहान मुलाला दुसरे कारण न दिसता ताप येत राहणे, गर्भवतीला जळजळ होणे, या प्रसंगी धने-जिऱ्याच्या पाण्यावर दिवस काढू नयेत. रुग्णास त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. तेथून गरजेनुसार ग्रामीण रुग्णालयात, किंवा कोल्हापूरकर ज्याला ‘थोरला दवाखाना’ म्हणतात त्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात पाठवले जाते. पूर्वी घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटे सोबत न्यावीत. कोणते औषध लागू पडले नाही हे डॉक्टरांना त्यावरून कळते.